धुलाईयंत्रातील भोवरा

नदीच्या घाटावर धुणे धुणाऱ्या माणसाचे हात तुम्ही कधी लक्षपूर्वक पाहिले आहेत काय? प्रथम तो कपडा पाण्यात बुडवतो. मग त्याला साबण लावतो, दगडावर घासतो, चुबकतो, पुन्हा पाण्यात सोडतो आणि वाहत्या धारेत चांगला हिसळून काढतो. शेवटी पीळ घालून तो त्यातील पाणी काढून टाकतो. वरवर पाहणाऱ्याला वाटते की, कपडा स्वच्छ होतो तो आपटल्यामुळे. आपटण्याने मळ सुटतो हे खोटे नव्हे. परंतु ह्या सर्व क्रियांच्या मुळाशी एकच हेतू असतो. कपड्यातील मळलेले पाणी बाहेर पडावे आणि त्याच्या जागी दुसरे पाणी शिरावे, हा तो हेतू होय. कपडा दगडावर आपटला की त्यातील पाणी दाबाने बाहेर उडते. तो पुन्हा बुडवला की नवे पाणी आत शिरते. घासणे, पिळणे, हिसळणे ही ह्याच एका कामाची निरनिराळी रूपे आहेत.

आता घराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या धुलाईयंत्राकडे वळू. त्याला हात नाहीत, दगड नाही आणि जवळून वाहणारी नदीही नाही. वरचे झाकण उघडून त्यात कपडे टाकायचे, साबणाची पूड घालायची आणि एक कळ दाबायची, एवढेच आपले काम. मोजके पाणी आत येते आणि तेच पाणी पुष्कळ वेळ कपड्यांतून फिरत राहते. घाटावर नदी वाहते व माणूस कपडा हालवतो; येथे पाणी कोंडलेले असूनही त्याला नदीसारखे वाहावे लागते. कोंडलेल्या पाण्याला वाहते कसे ठेवायचे, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच यंत्र बनवणाऱ्यांची बरीच बुद्धी खर्च झाली आहे.

आधी मळाचा विचार करू. आपल्या कपड्यांवर धूळ बसते, घाम लागतो, तेलाचे डाग पडतात. घामातील मीठ पाण्यात सहज विरघळते. तेल मात्र विरघळत नाही, आणि धुळीचे कण त्या तेलकट थरात रुतून बसतात. येथे साबण उपयोगी पडतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी मैत्री करणारे, तर दुसरे तेलाशी मैत्री करणारे असते. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला चहूकडून वेढतात आणि त्याला धाग्यापासून सोडवून पाण्यात आणतात. हे सर्व खरे; पण साबणाच्या पाण्यात कपडा नुसता भिजत ठेवला तर तो म्हणावा तसा निघत नाही. असे का व्हावे?

चहाच्या पेल्यात साखर घाला आणि न ढवळता तसाच राहू द्या. वरचा चहा अगोड लागतो आणि तळाशी पाक साठतो. साखरेला लागून असलेल्या चहात इतकी साखर विरघळलेली असते की, त्यात आणखी साखर मोठ्या कष्टाने मावते. आणि वरचा कोरा चहा तर तेथवर पोचतच नाही. कपड्याचेही असेच होते. धाग्याला लागून असलेला पाण्याचा पातळ थर मळाने भरून जातो आणि तेथेच थबकून राहतो. त्याला हलवून दूर केले नाही, तर बाहेर कितीही स्वच्छ पाणी असले तरी त्याचा त्या धाग्याला काही उपयोग नाही. म्हणजे येथेही ढवळणे आलेच.

पण कपडा हा साखरेच्या खड्यापेक्षा फार गुंतागुंतीचा पदार्थ आहे. एखादे सुती कापड भिंगातून पाहिले तर त्यातील उभे-आडवे धागे व त्यांच्यामधील चौकोनी फटी स्पष्ट दिसतात. प्रत्येक धागा पुन्हा शेकडो तंतूंना पीळ देऊन बनलेला असतो आणि त्या तंतूंच्या मध्ये आणखी बारीक फटी असतात. पाण्याचा स्वभाव असा की, रुंद वाट मिळाली तर ते अरुंद वाटेने जात नाही. ते धाग्यांच्या मधून सहज निघून जाते. धाग्याच्या पोटात शिरायला मात्र नाखूश असते. म्हणून कपड्याजवळून पाणी वाहवणे पुरेसे होत नाही. कपडा वाकला पाहिजे, दाबला गेला पाहिजे, पुन्हा सैल पडला पाहिजे. हे घडले म्हणजे पाण्याला अरुंद वाटेने आतबाहेर करणे भाग पडते.

यंत्राने धुणे धुण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून चालले होते. आरंभीच्या यंत्रांनी माणसाच्या हातांचीच नक्कल केली. लाकडी पिंपाच्या झाकणाला खाली खुंट्या जडवलेल्या असत. दांडा हलवला की त्या खुंट्या कपड्यांना पकडून पाण्यातून ओढत नेत. कपडे हलत खरे, पण फाटतही. १९२२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने एक निराळे यंत्र बाजारात आणले. हॉवर्ड स्नायडर नावाच्या तंत्रज्ञाने त्यातील घुसळणारा भाग झाकणावरून काढून पिंपाच्या तळाशी बसवला. ह्या भागाला ॲजिटेटर असे नाव आहे. त्याला पंखांसारखी पाती होती. ती पाती कपड्याला ओढत नसत, तर पाण्याला ढकलत. आणि ते पाणी कपड्यांतून आरपार जाई. ‘गायराफोम’ ह्या नावाने ते यंत्र प्रसिद्ध झाले. कपडा पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यातून ढकलावे, ही कल्पना ऐकायला किती साधी वाटते! परंतु ती यंत्रात उतरायला माणसाला बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

पुढे १९४८ साली ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने एक लहानसे यंत्र काढले. त्यात उंच खांबाऐवजी एक छोटी खोबणीदार चकती पिंपाच्या बाजूच्या भिंतीला बसवलेली होती. ती वेगाने फिरून पाण्याचा झोत उडवी. जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ साली त्याच धर्तीचे यंत्र २८,५०० येन किमतीला विकावयास आणले, आणि तेथील घराघरांत धुलाईयंत्र शिरू लागले. कालांतराने ती चकती भिंतीवरून खाली तळाशी आली. तिला पल्सेटर म्हणतात. आपल्याकडे वरून झाकण उघडणारी जी यंत्रे दिसतात, त्यांतील बहुतेक ह्याच कुळातील आहेत. म्हणून येथे मुख्यतः त्यांचाच विचार करू.

यंत्राच्या चौकोनी पेटीत एक टाकी टांगलेली असते. तिच्या आत दुसरा ड्रम असतो, आणि त्याच्या अंगाला असंख्य छिद्रे असतात. कपडे राहतात आतल्या ड्रममध्ये. पाणी मात्र छिद्रांतून दोन्हीकडे भरलेले असते. आतल्या ड्रमच्या तळाशी ताटाएवढा पल्सेटर असतो. त्याच्या वरच्या बाजूला उंचवटे व खळगे असतात. धुणे चालू असताना आतला ड्रम रोधकाने धरून ठेवलेला असतो व फक्त पल्सेटर फिरतो. पाणी किती आले हे यंत्राला कसे कळते, असेही कोणी विचारील. टाकीच्या तळापासून एक बारीक नळी वर गेलेली असते. पाणी चढू लागले की नळीत कोंडलेली हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून पाण्याची पातळी ओळखली जाते. मोठ्या घाण्यासाठी पिंपात सुमारे ५० लिटर पाणी घेतले जाते.

आता पल्सेटर फिरू लागला. त्याच्या उंचवट्यांनी तळाचे पाणी आपल्याबरोबर गोल फिरवले. पावसातून आल्यावर ओली छत्री गरकन फिरवली तर थेंब चहूकडे उडतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. जी वस्तू गोल फिरते ती मध्यापासून दूर जाऊ पाहते. तळाचे पाणीही तसेच कडेकडे धाव घेते आणि ड्रमच्या भिंतीवर आदळते. आता पुढे वाट नाही. खाली तळ आहे आणि मागून आणखी पाणी येतच आहे. राहिली एकच दिशा, ती म्हणजे वरची. पाणी भिंतीलगत वर चढते. पृष्ठभागाशी पोचल्यावर ते आत वळते. इकडे मध्यावरचे पाणी तळाशी ओढले गेल्यामुळे तेथे जागा रिकामी होत असते. ती भरून काढण्यासाठी हे आत आलेले पाणी मध्यावरून खाली उतरते. झाकणाला काच असेल तर मध्यभागी पडलेला खळगा स्पष्ट दिसतो. नदीच्या डोहातल्या भोवऱ्यासारखाच तो दिसतो.

म्हणजे पाण्याला एकाच वेळी दोन गती मिळतात. एक गती जात्याच्या पाळीसारखी, आडवी व गोल. दुसरी मध्यावरून खाली, तळाने बाहेर, भिंतीने वर आणि माथ्यावरून पुन्हा मध्याकडे, अशी उभी. ह्या दोन गती एकत्र झाल्या म्हणजे पाण्याचा एखादा कण कोणत्या वाटेने जाईल? डोक्यावर हंडा घेण्यापूर्वी बायका कापडाला पीळ देऊन त्याची चुंबळ करतात. त्या चुंबळीवरचा एखादा पीळ बोटाने धरून पुढे पुढे जा. बोट आतून खाली जाते, बाहेरून वर येते, पुन्हा आत वळते आणि असे करीत करीत सबंध चुंबळीला प्रदक्षिणाही घालते. पाण्याच्या कणाची वाट नेमकी अशी असते. कपडेही बहुधा ह्याच वाटेने जातात: वरचा सदरा मध्यावरून खाली खेचला जातो, तळाशी पल्सेटरच्या उंचवट्यांवर घासला जातो, कडेने वर येतो आणि आपल्या शेजारच्या कपड्यांशी अंग घाशीत पुन्हा मध्याकडे लोटला जातो. घाटावरच्या माणसाने आपटून व हिसळून जे केले, ते येथे ह्या फेऱ्यात घडते. वाकणे आले, दाबणे आले, सैल सोडणेही आले.

ही उभी गती मला आडव्या गतीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. नुसत्या आडव्या गतीने पाणी आणि कपडे एकाच वेगाने, एकाच दिशेने फिरत राहिले असते. पाळण्यात शेजारी शेजारी बसलेली दोन मुले कितीही वेगाने फिरली तरी एकमेकांजवळून पुढे जात नाहीत, तसेच हे. पाणी कपड्याच्या सोबतीने फिरले तर ते त्याच्या आरपार कसे जाणार? ह्याचसाठी पल्सेटर एकाच दिशेने फिरत राहत नाही. काही क्षण तो एका बाजूने फिरतो, थांबतो आणि मग उलट फिरतो. तो थांबला तरी पाणी आपल्या वेगाने पुढे जातच असते; तो उलटला की खालचे पाणी वरच्या पाण्याला सामोरे जाते. ह्या ओढाताणीत पाण्याला कपड्यांतून घुसावे लागते. दुसराही एक लाभ होतो. सतत एकाच बाजूने फिरणारे कपडे एकमेकांत गुंतून त्यांचा दोरखंड झाला असता. यंत्रातून सदऱ्याच्या बाह्या आणि साडीचा पदर ह्यांची गाठ सोडवत बसण्याचा प्रसंग काही घरांत येतोच. पल्सेटर उलटसुलट फिरला नसता तर तो रोज आला असता!

येथे एक प्रयोग करण्यासारखा आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या व त्यात उकळून गाळलेली थोडी चहाची पूड टाका. चमच्याने पाणी जोराने गोल फिरवा आणि चमचा काढून घ्या. पूड कोठे गोळा होईल? फिरणारी वस्तू बाहेर जाते, हे आत्ताच सांगितले. तेव्हा पूड कडेला जमावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती तळाच्या मध्यभागी जमते! आल्बर्ट आइनस्टाइन ह्या थोर शास्त्रज्ञाने १९२६ साली नद्यांच्या वळणांविषयी लिहिताना ह्या कोड्याचा उलगडा सांगितला आहे. पेल्याचा तळ स्थिर असतो. त्याच्याशी घासून तळाचे पाणी मंदावते, त्यामुळे त्याचा बाहेर जाण्याचा जोर कमी होतो. वरचे पाणी मात्र वेगाने फिरत असते. ते कडेला दाटते, कडेने खाली उतरते, तळावरून मध्याकडे येते आणि मध्यातून वर चढते. त्या प्रवाहाबरोबर पूड मध्यावर येते, पण जड असल्यामुळे वर जाऊ शकत नाही आणि तेथेच राहते.

पेल्यातील हा फेरा आणि यंत्रातील फेरा बरोबर उलट आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. पेल्यात तळ हा पाण्याला अडवणारा असतो. यंत्रात तळच पाण्याला चालवणारा असतो. जेथे पाणी सर्वांत वेगाने फिरते तेथून ते बाहेर लोटले जाते, एवढे ध्यानात ठेवले की दोन्ही गोष्टी उलगडतात. आणि गंमत अशी की, पल्सेटर थांबतो तेव्हा यंत्रातही क्षणभर पेल्यासारखीच स्थिती येते: वर पाणी फिरत असते आणि तळ स्थिर असतो. मग उभ्या फेऱ्यालाही उलटे वळण लागू पाहते. म्हणजे तो विसावा पल्सेटरला असेल, पण पाण्याला व कपड्यांना नसतो.

पल्सेटरच्या वरच्या बाजूचे काम पाहिले. त्याची खालची बाजूही रिकामी बसत नाही. पुष्कळ यंत्रांत पल्सेटरच्या पाठीवर छोटी छोटी पाती असतात. तो फिरला की ही पाती खालचे पाणी कडेला लोटतात. ड्रमच्या भिंतीला आतून उभ्या पट्ट्या लावलेल्या दिसतात. त्या नुसत्या शोभेच्या नसून त्यांच्या मागे पाण्याच्या वाटा असतात. लोटलेले पाणी त्या वाटेने वर चढते आणि वरच्या तोंडातून धारेसारखे पुन्हा कपड्यांवर पडते. म्हणजे पल्सेटर हा एक छोटा पंपच झाला. पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी बारीक जाळीची पिशवी बसवलेली असते. कपड्यांतून सुटलेले तंतू पाण्याबरोबर वर येतात आणि जाळीत अडकतात. धुणे झाल्यावर ती पिशवी उलटून पाहा. करड्या रंगाचा मऊ लगदा हाती येईल. तो मळ नव्हे. तो आपल्याच कपड्यांचा झिजलेला अंश आहे. जाळीच्या भोकांहून बारीक तंतू मात्र निसटून सांडपाण्याबरोबर नदीनाल्यांत जातात. त्यांतील पॉलिएस्टरसारखे कृत्रिम तंतू लवकर कुजत नाहीत, ही एक नवी चिंता शास्त्रज्ञांपुढे उभी आहे.

तंतू पकडण्याच्या जाळीची एक हकीकत जपानमध्ये सांगतात. साधारणपणे १९६० नंतरच्या दशकात तेथील एका गृहिणीला ह्या तंतूंचा फार त्रास होई. धुतलेल्या गडद कपड्यांवर ते चिकटून बसत. लहानपणी जाळीने चतुर पकडल्याची तिला आठवण झाली आणि तिने छोटी जाळी शिवून यंत्रातील पाण्यात सोडून पाहिली. अनेक वेळा फेरफार केल्यावर तिची युक्ती साधली. तिला पाण्यामागे धावावे लागले नाही. पाणीच फिरत फिरत जाळीत येई आणि तंतू तेथे ठेवून जाई. पाण्याचा फेरा ओळखणाऱ्या त्या बाईला मोठ्या कारखान्यातील तंत्रज्ञांहून कमी लेखण्याचे कारण नाही.

फेरा घडवून आणण्याच्या आणखीही रीती आहेत. काही यंत्रांत तळाशी वेगळा विजेचा पंप असतो. तो टाकीतील पाणी उचलून वरून फवाऱ्याने कपड्यांवर सोडतो. काहींत आतला ड्रमच वेगाने फिरवतात. मग दोन भिंतींच्या मधले पाणी कडेने उंच चढते आणि वरून पावसासारखे आत कोसळते. ह्या दोन्ही रीतींत कपडे पूर्ण बुडण्याची गरज नसल्यामुळे थोड्या पाण्यात काम भागते. कमी पाण्याच्या यंत्रांतील काहींत कपड्यांचा फेरा चक्क उलटा असतो: ते तळाने मध्याकडे सरकतात, मध्यातून वर येतात आणि कडेने खाली जातात. ॲजिटेटरची यंत्रे अमेरिकेत अजूनही पुष्कळ वापरली जातात. त्यांतील काहींच्या खांबाला वरच्या भागी मळसूत्रासारखी पाती असतात. ती कपड्यांना खाली ढकलतात व खालची पाती त्यांना बाहेर लोटतात. साधने निराळी असली तरी प्रत्येकात पाण्याला व कपड्याला एकमेकांतून जायला लावण्याचाच खटाटोप दिसतो.

साबणाचे पाणी सोडून दिल्यावर यंत्र पुन्हा स्वच्छ पाणी घेते आणि तोच भोवरा पुन्हा सुरू होतो. हे हिसळणे झाले. पुष्कळांना वाटते की, ह्यात साबण तेवढा निघून जातो. परंतु सांगवू शिन, पॅट्रिक वॉरन व हॉवर्ड स्टोन ह्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक लक्षणीय गोष्ट प्रसिद्ध केली. तंतूंमधील अतिसूक्ष्म फटींत पाण्याचा प्रवाह जवळजवळ पोचतच नाही. मात्र स्वच्छ पाणी आले की फटीच्या आत साबण जास्त व बाहेर कमी असा फरक पडतो. आणि त्या फरकामुळेच आत दडलेले मळाचे कण बाहेर खेचले जातात. हा फरक टिकायचा तर धाग्यापाशी येणारे पाणी सारखे बदलत राहिले पाहिजे. म्हणजे हिसळताना भोवऱ्याचे महत्त्व धुण्याच्या वेळेपेक्षा तसूभरही कमी होत नाही.

पिळण्याच्या वेळी मात्र सारे बदलते. पाणी सोडून दिलेले असते. रोधक सुटतो आणि ड्रम व पल्सेटर जोडीने फिरू लागतात. अनेक यंत्रांत हा वेग मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या आसपास असतो. त्या वेगात कपड्यातील पाण्याच्या थेंबावर त्याच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक जोर पडतो. तो भिंतीच्या छिद्रातून बाहेर उडाल्यावाचून राहत नाही. ह्या वेळी आत हात घालणे फार धोक्याचे असते. झाकण उघडताच ड्रम थांबावा अथवा झाकण उघडूच नये, अशी सोय यंत्रात केलेली असते ती ह्याचसाठी.

आता एक नित्याची तक्रार पाहू. ‘यंत्रात कपडे नीट निघत नाहीत’ असे पुष्कळ घरांत ऐकू येते आणि दोष साबणाला दिला जातो. अशा घरी धुणे टाकताना जरा उभे राहून पाहावे. वेळ वाचावा म्हणून दोन दिवसांचे धुणे एकदम कोंबलेले असते. वरून हाताने दाबून झाकण लावलेले असते. तेथे काय होणार? मध्यावरून खाली उतरायला पाण्याला वाट नाही. कडेने वर चढायलाही नाही. कपड्यांचा एक गच्च गोळा होतो. पल्सेटर तळाच्या चार कपड्यांना घासत राहतो आणि पाणी गोळ्याच्या भोवतीने निघून जाते. गोळ्याच्या पोटातला शाळेचा सदरा तासभर यंत्रात राहूनही जवळजवळ तसाच बाहेर येतो, आणि बाहेरचा कपडा उगाच झिजतो. मग आई तो सदरा पुन्हा हाताने धुते. जे कष्ट वाचावेत म्हणून यंत्र आणले, ते तिच्याच वाट्याला परत येतात. वर वीज आणि पाणी खर्च झालेले असते ते निराळेच. यंत्रावर ‘७ किलो’ असे लिहिलेले असते ते कोरड्या कपड्यांचे वजन होय. तेवढे वजन भरले नसले तरी जाड गोधड्या अथवा चादरी ड्रम भरून टाकतात. म्हणून वजनाबरोबर मोकळी जागाही पाहावी लागते. वरून पाहिल्यावर कपडे एकामागून एक खाली जाताना व पुन्हा वर येताना दिसले पाहिजेत. एकच लाल रुमाल सारखा वर तरंगताना दिसला, तर फेरा बंद पडला आहे असे समजावे व दोन कपडे काढून घ्यावेत.

साबण अधिक घातल्यानेही हाच घोटाळा होतो. फेसाने ड्रम भरून गेला की कपडे एकमेकांवर घासण्याऐवजी फेसाच्या गादीवर लोळतात आणि पाण्याची धार कपड्यांपर्यंत येईतो मंदावते. फेस पुष्कळ म्हणजे स्वच्छता पुष्कळ, हा समज घाटावरच्या काळापासून चालत आला आहे. धुलाईयंत्राला तो मान्य नाही.

अभ्यास

१. आपटणे, घासणे, पिळणे व हिसळणे ह्या क्रियांचा समान हेतू कोणता?

२. पल्सेटर फिरत असताना पाणी कोणत्या वाटेने जाते? चुंबळीचे चित्र काढून त्यावर बाणांनी ही वाट दाखवा.

३. पेल्यातील चहाची पूड मध्यावर का जमते? यंत्रातील फेरा त्याच्या उलट का असतो?

४. पल्सेटर एकाच दिशेने फिरत राहिला तर कोणते दोन तोटे होतील?

५. हिसळणे, चुबकणे, पिळणे, गुंतणे, लोटणे ह्या क्रियापदांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. दोन सारख्या बादल्यांत सारखे साबणाचे पाणी घ्या. एकीत एक मळका रुमाल व दुसरीत तसेच अनेक रुमाल दाबून भरा. दोन्ही सारखा वेळ काठीने ढवळा आणि काय फरक दिसतो ते वहीत लिहा.